जोडकार्डाचं कोरं अर्धं

दगडाखालून बाहेर राहिलेला कार्डाचा तेवढाच कोपरा तांबूस पडला होता, चहात बुडवून काढल्यासारखा, आणि बाकीचं कार्ड, दगडानं झाकलेलं, अजून तसंच असावं असं इब्राहिम मुनशींना वाटलं — असावं, कारण दगड उचलून पाहिल्याला किती महिने झाले हे त्यांना सांगता आलं नसतं. पुस्तकांच्या फळीवर, कोशाच्या जाड पाठीला टेकून, मुठीत मावेल एवढा काळा गुळगुळीत दगड. त्याच्या अंगातून एक पांढरी शीर सरळ उभी गेलेली, वर किंचित जाड, खाली निमुळती. अलिफसारखी, उर्दूतल्या त्या पहिल्या, सरळ उभ्या अक्षरासारखी. पहिल्यांदा पाहिला तेव्हाही हेच मनात आलं होतं, अलिफ, आणि तेवढ्यासाठीच…

नको. सकाळी सकाळी नको.

पण कार्डाचा कोपरा दिसला की पत्र आठवायचंच. तीसच्या पावसाळ्यात आलं होतं ते. जोडकार्ड होतं — एक अर्धं लिहिलेलं, दुसरं कोरं, आणि त्या कोऱ्यावर परतीचा पत्ता आधीच घातलेला, म्हणजे उत्तर देणाऱ्याला कसलीच तोशीस नको. करंजपाड्याच्या शाळामास्तरांनी वळणदार बाळबोधीत लिहिलं होतं, पण शब्द मास्तरांचे नव्हते हे दुसऱ्याच ओळीत कळत होतं. ‘मी बहिरूची बायको मैना. हाक्याच्या दिशी तुम्ही वाघोबाच्या फळीपाशी वही घेऊन बसले होते. बहिरूने दगड ठेवला तो तुमच्या पायाजवळच ठेवला. मी भाकर घेऊन वडाखाली उभी होते, मी बघितला. गाव म्हणतो ठेवलाच नाय. तुम्ही बघितला का. बघितला तर बघितला लिहा, नाय तर नाय लिहा.’ एवढंच. कोऱ्या अर्ध्यावर एका शब्दाची जागा मागितली होती, आणि मुनशींनी — ज्यांनी तीस वर्षं जंगलखात्याच्या कचेऱ्यांत दुसऱ्यांचे शब्द कागदावर उतरवले, ज्यांच्या अक्षराची रेंजरसाहेब वरच्या साहेबांपाशी तारीफ करायचे — तो एक शब्द सात वर्षांत लिहिला नव्हता. तेवढ्यात कार्डावरचा बादशहा मरून गेला, त्याच्यामागचा येऊन उतरलाही, आता तिसरा बसला होता…

टक्.

तांबट आळी मागच्याच अंगाला होती. कोकणीपुऱ्यात ज्याचं घर त्याला हा आवाज काही नवा नव्हे. तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडते, पडत राहते, लग्नसराईच्या आधी तर उजाडल्यापासून. जन्मभर ऐकलेला. पण निवृत्त होऊन घरी बसल्यापासून तो त्यांना वेगळा ऐकू यायला लागला होता. शंभर ठोके एकमेकांत मिसळलेले असत, त्यांतून एक वेगळा पडे. धातूचा नव्हे. कोरडा. लाकडाचा. दोन ठोके, मग थांबा — जसं कोणी ठोकून कान देतंय — मग पुन्हा दोन.

जहिदा चहा घेऊन वर आली. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती, आणि बापाशी बोलताना तिच्या आवाजात आईपण जास्त असे.

“अब्बा, आज खिडकी उघडी ठेवा हवी तर. आवाज नाही.”

“कसला आवाज?”

“कसला म्हणजे? ठोक्यांचा. थोरले तांबट गेले पहाटे. आळी बंद आहे आज. रोज वैतागता ना, आज बसा मजेत वाचत.”

तिनं स्वतःच खिडकी ढकलली. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन आत आलं, आणि त्याच्याबरोबर खरंच काही आलं नाही. आळी गप्प होती, एखाद्या घरातून बायकांचं रडणं, तेही थकलेलं. मुनशींनी बशीत चहा ओतला. टक् — टक्. थांबा. बशी ओठांपाशी तशीच राहिली. त्यांनी जहिदाच्या तोंडाकडे पाहिलं. ती चादरीची घडी घालत होती. तिच्या चेहऱ्यावर कोणी ठोकल्याचं काही नव्हतं.

“काय झालं?”

“काही नाही. गरम आहे.”

विचारता आलं असतं, तुला ऐकू येतं का. पण ती हो म्हणाली असती तर काय, आणि नाही म्हणाली असती तर काय — दोन्ही उत्तरं त्यांना नको होती. मला बऱ्याच प्रश्नांची दोन्ही उत्तरं नको असतात. म्हणून तर मी पुस्तकं वाचतो. पुस्तक आपल्याला विचारत नाही.

ती गेल्यावर त्यांनी कोश काढला. कोश काढताना दगड हलला. तो सरळ करायला हात लागला तेव्हा दगड गार लागला, कोणीतरी आत्ताच पाण्यातून काढून ठेवल्यासारखा…

…पाण्यातूनच काढले होते ते सगळे. करंजपाड्याच्या ओढ्यातून, फाल्गुनातल्या सकाळी, एकेकानं आपापला. वेशीवर वाघोबाची सागवानी फळी उभी होती, वर सूर्य-चंद्र, खाली पट्ट्यापट्ट्यांचं जनावर, शेंदरानं ओळखू न येणारं. एकेक माणूस यायचा, दगड कपाळाला लावायचा, फळीसमोर ठेवायचा आणि मागं न बघता रानाकडे जायचा. हाका संपवून आला की आपला दगड आपण उचलायचा. जो दगड राहील त्याचा माणूस रानात राहिला. मुनशी तिथं सतरंजीवर वही मांडून बसले होते, आणि सवयीनं त्यांनी पेन्सिलीचं टोक हवेत फिरवत माणसं मोजायला सुरुवात केली, तेव्हा फळीपाशी उभा असलेला म्हातारा पुढं आला. “सायेब, मानसं मोजू नको,” तो अगदी साधेपणानं म्हणाला. “मोजली का एक कमी व्हतो.”

मुनशी शरमले. पण तोवर मोजून झाली होती. चौतीस.

माणसं काही हौसेनं आली नव्हती. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते, त्या राबासाठी फांद्या लागतात, आणि फांद्या राखीव जंगलात. ते जंगल राखीव झालं तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. फांदी तोडताना सापडला की कोयता जप्त. त्या साली कचेरीच्या मागच्या खोलीत चौतीस कोयते जमले होते, प्रत्येकाच्या मुठीला सुतळी, सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर मुनशींच्या अक्षरात नाव. लष्कराच्या कॅम्पातले दोन साहेब वाघाच्या शिकारीला येणार असं ठरलं तेव्हा रेंजरसाहेबांनी निरोप धाडला: हाक्याला, म्हणजे वाघ हाकत मचाणापर्यंत आणायला, येईल त्याला कोयता परत. कोयत्याशिवाय त्या माणसाला ना लाकूड, ना गवत, ना कुडाची मेढ. सगळे आले. वाळू नावाचा एक तापानं फणफणला होता, तर त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ आला, बहिरू. वहीत नाव वाळूचंच राहिलं. कोयता वाळूचा होता.

बहिरूनं दगड माझ्या पायाजवळ ठेवला. मी पाहिलं. पंचविशीचा असेल, वरचा एक दात नसलेला, तो हसला म्हणून दात नाही हे दिसलं. दगड ठेवताना म्हणाला, “बाबा, पाय लावशील नको.” आणि गेला.

मग ढोल, डबे, आरोळ्या. पाऊण डोंगर एकदम ओरडायला लागला. दोन्ही अंगांना काही माणसं झाडांवर बसवली होती — जनावर बाजूनं फुटायला लागलं तर त्यांनी आरडाओरडा करायचा नाही, नुसतं काठीनं खोडावर ठोकायचं, हलकं, टक्-टक्, म्हणजे ते न बिथरता वळून मचाणाकडे जातं. हे मुनशींना एका पुस्तकात वाचून माहीत होतं आणि आता ते कानांनी ऐकत होते, याचा त्यांना एक बालिश आनंद झाला होता. आसपास कोणी नव्हतं. उन्हात ओले दगड वाळत होते. एक जवळचा, त्याच्यातली ती पांढरी शीर… त्यांनी उचलला. चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला. अलिफ. रानातल्या ओढ्यात पडलेलं, कोणी न लिहिलेलं अलिफ! घरी जाऊन बायकोला, जुलेखाला, दाखवावं असं वाटलं, आणि जुलेखा जाऊन दोन वर्षं झाली हे मागाहून आठवलं. त्याच क्षणी बार झाला. लगेच दुसरा. माणसं ओरडत धावत सुटली, मुनशीही उठून उभे राहिले, वही पडली, ती उचलली…

हात कोटाच्या खिशात कधी गेला होता?

इथं येऊन विचार रोज अडत असे. गेली सात वर्षं ते हा हात पुन्हा पुन्हा पाहत होते — दगड धरलेला हात, मग रिकामा हात, आणि मधलं काहीच नाही.

“मुनशीजी, आहात का गेलात पुस्तकात?”

खालून काळूचा आवाज. जिना चढताना प्रत्येक पायरीला तो एक शिवी हासडत होता. काळू जंगलखात्यातला शिपाई. मुनशींच्या मागोमाग दोन वर्षांनी नोकरीतून सुटला, आता एका वखारीवर राखण करायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी उगवायचा. मुनशींच्या साऱ्या आयुष्यात इतका मोठ्यानं बोलणारा दुसरा मित्र नव्हता. मित्र म्हणावं की नाही याचीही त्यांना शंका असे.

“तुमच्या जिन्यानं माझ्या गुडघ्यांची जबानी घेतली बघा. समदं कबूल करून टाकलं त्यांनी.” तो धपकन बसला. “जहिदाबेटी, चहा टाक गं! साखर हात राखून नको घालू तुझ्या बापावानी.”

“तुम्हाला साखर नको सांगितलीय ना काका?”

“वैद्यानं सांगितलीय. मी कुठं सांगितलीय?”

मुनशी हसले. काळू पेठ तालुक्याकडे, करंजपाड्याच्याच अंगाला, बहिणीला भेटून आला होता, त्याच्या बोलण्यात तिकडचं भात, तिकडची नवी मोटार, मोटारीत ओकलेली बहिणीची सासू असं सगळं आलं, आणि मग, चहाची बशी खाली ठेवत, अगदी त्याच सुरात:

“करंजपाड्याला यंदा वाघोबाची फळी नवी बसवतायत. जुनी वाळवीनं खाल्ली. नव्या रेंजरानं राखीवमधलं सागवान दिलं, परवाना लिहून! आपल्या वेळी दिलं असतं कुणी? दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला बसवणार. आठ दिवस राहिले.”

“चांगलं आहे.”

“देवाच्या बाजूला हाक्यात गेलेल्यांच्या लहान फळ्या असतात, त्या पण नव्या करायच्या. दोन हायेत. ती मैना म्हणते तिसरी करा.” काळूनं बशी उगाच फिरवली. “गाव म्हणतो, त्यानं देवापुढं दगड ठेवला नाय, चोरून रानात गेला, म्हणून देवानं घेतला. अशाची फळी देवाशेजारी लावली तर देव गावात उतरंल. एकदा नव्या फळ्या रवल्या, मंत्र म्हटला, का पुढली पन्नास वर्सं कोणी हात नाय लावत. म्हणजे यंदा नाय तर नायच.”

“अजून… तिथंच असते ती?”

“जाईल कुठं? कोणी तिला लावणीला बोलवत नाय, तिच्या खाचरात कोणी येत नाय. एकली लावते, एकली काढते. आन् दर बाजाराच्या दिशी शाळेत हजर. ‘कागद आला का?’ तीन मास्तर झाले. जुना जाताना नव्याला चार्ज देतो — खडू, फळा, घंटा, आन् मैनाबाई.” तो आपल्याच विनोदावर हसला, पण हसू अर्ध्यात सांडलं. “कुणाचा कागद, ते सांगत नाय. म्हणते, येईल. लिहिणारा मानूस हाय, लिहील.”

टक् — टक्.

मुनशींनी दाराकडे पाहिलं. काळूनंही पाहिलं, पण तो मुनशींनी पाहिलं म्हणून पाहत होता.

“काय हाय?”

“काही नाही.” आणि मग, आपला आवाज कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा त्यांनी ऐकला: “काळू, बहिरूच्या शेजारची ती बंदूक तू आणली होतीस.”

खालून जहिदाचा भांडी घासण्याचा आवाज येत होता.

“मी शिपाई मानूस. आण म्हटलं, आणली. तुम्ही लिहिणारे. लिहा म्हटलं, लिहिलं.” तो उठला. उठताना त्याचं लक्ष पुस्तकांच्या फळीवर गेलं, आणि त्यानं दगड उचलला, तळहातावर तोलला, बोटानं ती पांढरी शीर चाचपली. “हा कुठला?”

“नदीचा.”

“आपल्या गोदावरीचा?” काळू दगडाकडेच बघत होता. तीस वर्षं ज्यानं ओढे-नाले तुडवले त्याला कुठल्या पाण्यातला दगड कसा असतो हे विचारावं लागत नाही. त्यानं तो हळूच, दोन्ही हातांनी, परत कार्डावर ठेवला, आणि ठेवल्यावर हात धोतराला पुसले. “पेन्शन खातो ना आपण दोघं, मुनशीजी? मग गप खावी. आता तुम्ही काय लिहिणार, आन् का? सात वर्सं झाली.” जिन्याच्या तोंडाशी तो थांबला. “आठ दिवस,” असं म्हणाला, की मुनशींना तसं वाटलं, आणि मग पायऱ्यांना शिव्या देत उतरून गेला.

हाक्याच्या त्या संध्याकाळी माणसं परत आली तेव्हा वाघ निघालाच नव्हता हे कळलं. त्याचं शेपूटही कोणी पाहिलं नव्हतं. कारवीत काहीतरी हाललं आणि एका साहेबानं दोन बार टाकले. साहेब चिडून डेऱ्यावर गेले. माणसं फळीसमोर आली, एकेकानं आपला दगड उचलला, आणि शेवटी जमीन मोकळी झाली तेव्हा म्हाताऱ्यानं तिच्यावरून हात फिरवला. “समदे आले,” तो म्हणाला, आणि देवाला हात जोडले. मुनशींनी वहीतली नावं पुकारली, कोयते दिले. “वाळू?” — “तो तापानं पडलाय, मी नेतो त्याचा,” म्हणून शेजारी घेऊन गेला. चौतीस नावं, चौतीस कोयते. वही जुळली. बायकोला वाटलं, बहिरू साहेबाचं सामान उचलायला डेऱ्यावर गेला. डेऱ्यावरच्यांना वाटलं, घरी गेला.

आणि नाल्याच्या अंगानं ठोके येत होते.

हाका कधीच थांबला होता, तरी येत होते. टक्-टक्. थांबा. टक्-टक्. पुकारता पुकारता मुनशींनी दोनदा मान वर केली. दुसऱ्या कोणाचं लक्ष नव्हतं, कोयता मिळालेला माणूस कोयत्याकडेच बघतो. सुतारपक्षी, त्यांनी मनाशी म्हटलं. सुतारपक्ष्यावर त्यांनी एक पूर्ण प्रकरण वाचलं होतं. संध्याकाळी तो ठोकतो का, हे त्या प्रकरणात नव्हतं. गाडीत बसून डाकबंगल्याकडे निघाल्यावर रुमालासाठी खिशात हात घातला तर बोटांना ते गार, गुळगुळीत लागलं, आणि त्यांनी हात तसाच बाहेर काढला, चटका बसल्यासारखा. ज्याचा असेल त्याला वाटलं असेल, घरंगळला कुठं. एका दगडासाठी गाडी कशी वळवायची, रेंजरसाहेब पुढं बसलेत, ते हसतील…

तेव्हा मला कळलं होतं का? इतकंच कोणी सांगावं. कळलं होतं आणि मी गप्प बसलो असेन तर मी एक माणूस आहे, कळलं नव्हतं तर दुसरा. सात वर्षं मी दोन्ही माणसांच्या वतीनं बाजू मांडतो आहे, आणि दोघांचीही साक्ष मला खोटी वाटते.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. कुंभ्याच्या झाडाखाली, मांडीत गोळी, बसल्या जागी. शेजारी एक ठासणीची बंदूक. पंचनामा मुनशींनी लिहिला: मयत हा विनापरवाना राखीव जंगलात चोरट्या शिकारीच्या इराद्यानं शिरला, स्वतःची बंदूक ठासताना बार उडून… अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं होतं. बंदुकीच्या दस्त्याला सुतळीचा एक तुकडा राहिला होता. चिठ्ठी फाडलेली, पण गाठ तशीच, दुहेरी, आत टोक वळवून घातलेली. जप्तीच्या खोलीत अशी गाठ मारणारा एकच माणूस होता, काळू. आणि बहिरूच्या मुठीत काठीचा तुकडा, आणि झाडाच्या खोडावर, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं, साल उडून पडलेला तळहाताएवढा पांढरा डाग…

डाग त्यांनी लिहिला नाही. साहेबांनी सांगितलं नव्हतं, म्हणून.

दुपारचं जेवण झाल्यावर जहिदा खाली आडवी झाली होती. मुनशींनी दार लोटलं. दगड उचलला. कार्ड त्याला किंचित चिकटलं होतं, सुटताना बारीक आवाज झाला. दगडाखालचा भाग पांढराच होता, दगडाच्या आकाराचा, खोडावरच्या त्या डागासारखा, आणि मुनशींना क्षणभर कार्डाला हात लावायचं धाडस होईना.

त्यांनी आधी वहीच्या कागदावर लिहून पाहिलं. ‘आपलं पत्र यथावकाश पावलं.’ खोडलं. यथावकाश! ‘त्या दिवशी घडलेल्या प्रसंगासंबंधी आपण विचारलेल्या गोष्टीचा खुलासा करण्यापूर्वी…’ खोडलं. एक पान झालं, दोन झाली; त्यांत नोकरीची दोन वर्षं उरली होती हे आलं, जहिदाचं लग्न आलं, रेंजरसाहेबांचा स्वभाव आला, अलिफही आलं, आणि वाचून पाहिलं तर दुसऱ्या पानापर्यंत बहिरूचं नावच नव्हतं. इतकी पुस्तकं वाचून हेच शिकलो मी, की माणूस स्वतःबद्दल किती लांब लिहू शकतो. त्यांनी सगळे कागद फाडले. कार्डावर जागा आठ ओळींची होती. तीस वर्षं अंगठे घेतले लोकांचे, वाचून दाखवलं, कबूल का, म्हणून विचारलं. आता स्वतःची जबानी होती आणि वाचून दाखवायला कोणी नव्हतं.

बोरू बुडवला आणि बहिरू दगड ठेवून जसा मागं न बघता गेला तसं लिहीत गेले:

‘मैनाबाई यांस, बहिरूने दगड ठेवला. मी पाहिला. तो जाताना सांगून गेला की पाय लावू नका. तो दगड मी उचलला आणि माझ्या खिशात राहिला, म्हणून गावाला सगळे आले असं वाटलं. चूक बहिरूची नाही, माझी आहे. बंदूक त्याची नव्हती. दगड माझ्याकडे आहे, वाघबारशीला आणून देतो. हे कार्ड गावाला वाचून दाखवावं.’ खाली पूर्ण नाव. आणि नावाखाली, हात थांबायच्या आत, ‘त्या वेळचा जंगल कचेरीचा कारकून, पंचनामा लिहिणारा.’

एक ओळ उरली.

शाई वाळत होती. खिडकीबाहेर आळी गप्प होती, आणि त्या गप्पपणात, फार लांबून नव्हे, टक् — टक्… थांबा. त्या एका ओळीत ते मावलं असतं. ‘अंधार पडेपर्यंत तो ठोकत होता, मला ऐकू येत होतं.’ तिनं हे विचारलं नव्हतं. तिला हवा होता दगड, देवापुढची जागा, लावणीला येणारी चार माणसं. आणि ही ओळ वाचल्यावर ती उरलेल्या जन्मात काय ऐकत बसेल हे मुनशींइतकं कोणाला ठाऊक होतं? लिहू नये. तिच्यासाठी लिहू नये. की माझ्यासाठी? बोरू त्या ओळीवर बराच वेळ राहिला, एक ठिपका पडला, आणि तो ठिपका तसाच ठेवून त्यांनी बोरू खाली ठेवला. शाई वाळल्यावर कार्ड हातात घेतलं आणि दगड कोटाच्या खिशात टाकला.

“कुठं निघालात उन्हाचं?” जहिदानं डोळे न उघडताच विचारलं.

“पोस्टात.”

“तुम्ही?” आता तिनं डोळे उघडले. “कोणाला पत्र?”

“उत्तर आहे,” ते म्हणाले.

पोस्टातल्या कारकुनानं कार्ड उलटसुलट केलं, वाचू नये एवढं वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. “आजोबा, हे कुठल्या जमान्यातलं? दर वाढून पाच-सहा वर्षं झाली. आणखी एका पैशाचं तिकीट लावा, नाहीतर बैरंग जाईल, समोरच्याला भुर्दंड.” त्यांनी तिकीट घेतलं, जिभेला लावलं, मेलेल्या बादशहाच्या शेजारी चिकटवलं. परतीचा पत्ता सात वर्षांपूर्वीच्या मास्तरांच्या हातचा होता. पेठेची डाक उद्या सकाळी निघते, कारकून म्हणाला. पुढं पाड्यावर जाईल तेव्हा जाईल.

बाहेर लाल पेटी उन्हानं तापलेली होती. त्यांनी कार्ड फटीत अर्धं सरकवलं, आणि पेन्शन, काळू, मोटार लागते का आपल्याला, वाघबारशीला करंजपाड्याचा तो म्हातारा जिवंत असेल का आणि असला तर आपल्याकडे कसा बघेल, हे सगळं एकदम दाटून आलं, आणि बोटं सुटली. आत कार्ड कशावर तरी पडल्याचं ऐकू आलं नाही.

ते तिथंच उभे राहिले. सकाळपासून पहिल्यांदा — सकाळपासून कसलं — कुठूनच काही येत नव्हतं. टांगे गेले, एक बाई मुलाला रागावत गेली, आणि त्या आवाजांच्या मागं जिथं तो आवाज असायचा तिथं नुसती मोकळी जागा होती, म्हाताऱ्यानं हात फिरवून पाहिलेल्या जमिनीसारखी. बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना त्या मोकळ्या जागेची भीतीच वाटली, आणि हात खिशात गेला — या वेळी तो कसा गेला ते त्यांनी नीट पाहिलं — आणि दगड बाहेर आला. पेटीच्या तापलेल्या पत्र्यावर त्यांनी तो हलकेच आपटला. दोनदा.

मग मान किंचित वाकडी करून, कोणी तरी ऐकलं असेल तर, ते कान देऊन थांबले.